खांदेरीची बत्ती

आंबे बहार हातात आला की पाचोडच्या बाजारात पहाटेपासून मोसंबीचे ढीग लागायला सुरुवात होते. दुपारपर्यंत माल ट्रकमध्ये चढतो आणि धुळे-सोलापूर महामार्ग धरून परराज्याच्या वाटेला लागतो. पैठण तालुक्यातल्या या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास. इथल्या कित्येक माणसांनी पाण्याचा मोठा पसारा पाहिलेला असतो तो पैठणच्या नाथसागराचा. पण ज्या फळावर इथल्या बागा उभ्या आहेत त्याच्या नावात समुद्र आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा मोझांबिक हा पोर्तुगीज जहाजांचा मोठा थांबा होता. मोसंबी हे नाव त्या मोझांबिकवरून आलं असं मानलं जातं.

लिंबूवर्गीय फळांचं आणि दर्यावर्दी माणसाचं नातंही जुनं आहे. महिनोन् महिने ताजी फळं-भाजी न मिळाल्याने खलाशांच्या हिरड्या सुजत, जखमा भरत नसत, माणसं मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातल्या वैद्याने काही आजारी खलाशांना संत्री आणि लिंबं देऊन पाहिली, आणि तेच खलाशी इतरांच्या आधी उठून उभे राहिले. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावातलं एक फळ असं दर्याच्या इतिहासात गुंतलेलं आहे. म्हणूनच समुद्रातल्या एका दिव्याची ही गोष्ट पाचोडच्या माणसालाही परकी वाटू नये.

खलाशाला भर समुद्राची भीती कमी असते आणि किनाऱ्याची जास्त. खोल पाण्यात तुफान आलं तरी जहाजाला हलायला जागा असते. किनारा जवळ आला की पाण्याखाली खडक सुरू होतात, वाळूच्या दांड्या सुरू होतात, भरती-ओहोटीची ओढ सुरू होते. महिनाभराचा प्रवास सुखरूप करून आलेलं गलबत घराच्या उंबऱ्यावर फुटतं ते असं. दिवसा डोंगराची ओळख पटते. रात्री काय करायचं? या प्रश्नाचं माणसाने शोधलेलं उत्तर म्हणजे दीपगृह. कोकणातली माणसं त्याला साधं ‘बत्ती’ म्हणतात.

दिवा नव्हता तेव्हा

इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला आपण ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखतो. त्यात आपल्या पैठणचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून गाड्यांमधून अवघड वाटांनी गोमेदासारखे दगड मोठ्या प्रमाणावर भडोचच्या बंदरात येतात, असं तो सांगतो. म्हणजे आज ज्या पट्ट्यात मोसंबी पिकते, तिथला माल दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यापर्यंत जात होता.

याच पुस्तकात भडोचच्या खाडीचं वर्णन येतं. खाडीचं तोंड सापडणं कठीण, तळाला खडक आणि वाळू, भरती अशी की उभं जहाज आडवं व्हावं. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि परदेशी जहाजांना हाताला धरल्यासारखं बंदरात आणत. त्या होड्यांची ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ ही नावंही त्याने टिपली आहेत. दिवा नव्हता तेव्हा वाट दाखवायचं काम हा कोळी करत होता. खडक कुठे, पाणी किती, ओढ कोणत्या बाजूला, हे सगळं त्याच्या डोक्यात साठवलेलं असे. कोकणच्या तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्या म्होरक्याने, ही विद्या आजपर्यंत जपली आहे.

उंचावर विस्तव पेटवून जहाजांना खूण करण्याची कल्पनाही तितकीच जुनी. तमिळनाडूत महाबलीपुरमच्या टेकडीवर ओलक्कणेश्वराचं पल्लवकालीन देऊळ आहे. त्याच्या माथ्यावर जाळ करून जहाजांना खूण देत असत. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या बंदराबाहेर फारोस बेटावर इसवीसनापूर्वी २८० च्या सुमारास जो मनोरा उभा राहिला, तो जगातल्या सात आश्चर्यांत गणला गेला. चौदाव्या शतकापर्यंत भूकंपांनी तो ढासळला. पंधराव्या शतकात त्याच जागेवर, त्याच्याच दगडांचा काही भाग वापरून सुलतान कैतबेने किल्ला बांधला.

अलेक्झांड्रियात दिवा पडला आणि त्याच्या दगडांतून किल्ला उठला. महाराष्ट्रात याच्या नेमकं उलट घडलं. इथे आधी किल्ला होता, त्याच्या पोटात पुढे दिवा उगवला. त्या बेटाचं नाव खांदेरी.

अंधाराच्या आधाराने उभा राहिलेला किल्ला

अलिबागच्या उत्तरेला थळ हे कोळ्यांचं गाव आहे. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं, बसकं आहे ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, दोन टेकड्यांचं मोठं बेट दिसतं ते खांदेरी. जुन्या इंग्रजी कागदांत या जोडीला ‘हेनरी-केनरी’ म्हटलेलं आढळतं. मुंबई बंदराचं तोंड इथून उत्तरेला जवळच आहे. दक्षिणेकडून मुंबईत शिरणारं प्रत्येक जहाज या बेटाच्या नजरेतून जातं.

शिवाजी महाराजांना या जागेचं मोल पुरतं कळलं होतं. दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी, उत्तरेला मुंबईचे इंग्रज, आणि दोघांच्या मधोमध हा खडक. १६७२ मध्ये इथे तटबंदीचा एक प्रयत्न झाला, पण तो तडीस गेला नाही. १६७९ चा पावसाळा सरता सरता महाराजांनी मायनाक भंडारी यांना माणसं आणि थोड्या तोफा देऊन बेटावर उतरवलं आणि बांधकाम सुरू झालं. इंग्रजांनी आधी निरोप पाठवले, मग जहाजं पाठवली आणि बेटाला वेढा घातला. आत दगड रचले जात होते आणि बाहेर तोफा उभ्या होत्या.

आता त्या रात्रींचा विचार करा. बेटावर तटासाठी चुना हवा, सामान हवं, खायला धान्य हवं. सगळं किनाऱ्यावरून, नागावच्या बाजूने आणायचं. दिवसा इंग्रजांची मोठी जहाजं वाट अडवून उभी. पण या जहाजांना खोल पाणी आणि सोयीचा वारा लागे. मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या, हलक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्र झाली की या होड्या खडकांच्या मधून, वेढ्याच्या कडेकडेने निसटत आणि बेटाला जाऊन लागत. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या पत्रांतून या चपळ होड्यांपुढे हात टेकल्याची कबुली दिली आहे. त्या तांडेलांजवळ दिवा नव्हता आणि त्यांना तो नकोही होता. उजेड पडला असता तर घात झाला असता. खडकांची ओळख त्यांच्या अंगात होती आणि अंधार त्यांच्या बाजूचा होता.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या हुकमतीखाली मराठा आरमार इंग्रजांच्या ताफ्यावर चालून गेलं. इंग्रजांचं ‘डोव्हर’ नावाचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने तोफांच्या जोरावर तग धरला. पुढे सिद्दीही लढाईत उतरला आणि त्याने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. पण खांदेरी हललं नाही. १६८० मध्ये इंग्रजांना तह करून बाजूला व्हावं लागलं.

१७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात जो करार झाला, त्यानंतर खांदेरी सरखेल (आरमारप्रमुख) कान्होजींच्या आरमाराचं ठाणं म्हणून गाजलं. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठी तयारी करून बेटावर हल्ला चढवला आणि हात हलवत परत गेला. आज या बेटाला आणि त्यावरच्या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. भारतीय नौदलाच्या पाणबुडीला ‘खांदेरी’ हे नाव दोनदा मिळालं. पहिली पाणबुडी १९६८ मध्ये नौदलात आली, आताची २८ सप्टेंबर २०१९ रोजी.

१८६७: खडकावर दिवा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्राचं चित्र पालटलं. मराठ्यांचं आरमार उरलं नव्हतं आणि बेट इंग्रजांकडे गेलं होतं. शिडाच्या जहाजांच्या जोडीला वाफेची जहाजं आली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग मागणी वळली ती आपल्या काळ्या मातीतल्या कापसाकडे. खानदेश, वऱ्हाड आणि दख्खनचा कापूस मुंबईच्या गोदीत येऊन पडू लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पाठोपाठ १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपला हजारो किलोमीटरांनी जवळ आली.

या धामधुमीच्या काळात, १८६७ मध्ये, खांदेरीच्या उंच टेकडीवर दीपगृह उभं राहिलं. अष्टकोनी दगडी मनोरा, उंची सुमारे २२ मीटर, खाली इमारतीचा भक्कम पाया. १६७९ पासून मोजलं तर मधे १८८ वर्षं गेली होती. ज्या खडकावर उजेड म्हणजे घात होता, त्याच खडकावर आता रोज रात्री उजेड करायचा होता. तोफ ठरवत होती की कोणाला येऊ द्यायचं आणि कोणाला नाही. दिव्याला असं काही ठरवता येत नाही. तो लागला की सगळ्यांसाठी लागतो. कापसाच्या गठड्या नेणारी आगबोट, दाभोळहून आलेली प्रवासी बोट, रात्री जाळं टाकून परतणारा थळचा मचवा, कोणाचंही नाव-गाव तो विचारत नाही.

आपल्याकडे देवळासमोर दीपमाळ असते. यात्रेच्या, पौर्णिमेच्या रात्री ती उजळते आणि लांबच्या शिवारातूनही देवाची जागा ओळखू येते. ती आपल्या गावाची, आपल्या देवाची. बत्ती लावणाऱ्याला मात्र समोरून कोण येतंय याची कल्पना नसते. ज्याची भेट कधी होणार नाही अशा माणसासाठी लावलेला दिवा, ही मला दीपगृहाची सगळ्यात खरी ओळख वाटते.

भिंग आणि उंची

एवढा उजेड येतो कुठून? सुरुवातीला दिवा तेलाचाच होता. पुढे रॉकेलची वाफ करून जाळीच्या मेंटलवर पेटवणारे दिवे आले. जुन्या लग्नांत वरातीच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही युक्ती लगेच कळेल. तत्त्व तेच होतं. पण गॅसबत्तीचा उजेड चारी दिशांना सांडतो आणि थोड्या अंतरावर विरून जातो. तोच उजेड वीस मैलांवर पोचवायचा असेल तर तो सांडू देऊन चालत नाही.

मोठं बहिर्गोल भिंग हा उजेड गोळा करू शकतं. पण मनोऱ्याला पुरेल एवढं भिंग काचेचं ओतायचं तर ते इतकं जाड आणि जड होईल की उचलणं अशक्य, शिवाय निम्मा उजेड काचच खाऊन टाकील. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने यावर तोड काढली. प्रकाश वळतो तो भिंगाच्या वक्र पृष्ठभागावर, आतल्या जाडीचा त्यात काही हात नाही. मग जाडी काढून टाकायची आणि वक्र कडा तेवढ्या ठेवायच्या, एकात एक बसणाऱ्या कड्यांसारख्या. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात असं भिंग बसलं आणि जगभरच्या दीपगृहांचा चेहरामोहरा बदलला. जुन्या एसटीच्या पुढच्या दिव्याची काच आठवा. तिच्यावरच्या खाचा आणि पट्ट्या काचेतूनच उजेड वळवून रस्त्यावर टाकण्यासाठी असत. त्यामागचा विचार हाच. दीपगृहातलं पहिल्या प्रतीचं भिंग माणसापेक्षा उंच असतं. त्याच्या आत उभं राहिलं की चारी बाजूंनी काचेच्या कड्यांत आपलीच शेकडो रूपं दिसतात.

या भिंगाची एक खबरदारी फार थोड्यांना माहीत असते. दिवसा दिव्याच्या खोलीतले पडदे ओढून घ्यावे लागतात. रात्री आतला उजेड बाहेर एकवटणारी काच दिवसा बाहेरचं ऊन आत एकवटते. पडदा ओढायचा राहिला तर दिव्याचीच राख व्हायची.

उजेड कितीही प्रखर असला तरी पृथ्वी गोल आहे. दूरच्या जहाजाला दिवा दिसायचा तर तो क्षितिजाच्या वर यायला हवा. याचा हिशेब सोपा आहे. समुद्रापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि साडेतीनने गुणा. येणारा आकडा म्हणजे तिथून क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते. दिवा समुद्रापासून ५० मीटरवर असेल तर सुमारे २५ किलोमीटर. जहाजावरच्या माणसाची नजर पाण्यापासून ९ मीटरवर असेल तर त्याचं स्वतःचं क्षितिज साधारण साडेदहा किलोमीटरवर. दोन्हींची बेरीज केली की सुमारे ३५ किलोमीटरवरून त्याला दिवा दिसू लागेल. शंभर मीटरचा मनोरा बांधला तर अंतर दुप्पट होणार नाही, जेमतेम दीडपटीच्या आत राहील. म्हणून शहाणे बांधकामवाले मनोऱ्यावर दगड वाया घालवत नाहीत, आधी टेकडी शोधतात. खांदेरीला टेकडी आयती मिळाली. शिवकाळातल्या टेहळणीच्या माणसाला जी उंची हवी होती, तीच दिव्यालाही हवी होती.

आणखी एक प्रश्न उरतो. किनाऱ्यावर दहा दिवे दिसले तर कोणता दिवा कोणत्या जागेचा? यासाठी प्रत्येक दिव्याला त्याची लय दिलेली असते. कोणी ठरावीक सेकंदांनी एकदा लुकलुकतो, कोणी दोनदा लागोपाठ, कोणी तीनदा. डेहराडूनचं राष्ट्रीय जलालेखन कार्यालय या दिव्यांची यादी प्रसिद्ध करतं. त्यात प्रत्येक दिव्याची जागा, उंची, पल्ला आणि लय दिलेली असते. खलाशी घड्याळात सेकंद मोजतो, यादीत बघतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. दिवसा ही ओळख मनोऱ्याचा आकार आणि त्यावरचे रंगाचे पट्टे देतात. इकडे ये, असं दीपगृह कोणाला म्हणत नाही. मी इथे आहे, माझ्या पायाशी खडक आहेत, एवढंच सांगतं. वाट ज्याची त्याने काढायची असते.

रात्रपाळी

यंत्रं आपोआप चालायला लागण्याआधी दीपगृह माणसांच्या अंगमेहनतीवर चालत होतं. तेलाचे डबे गोल जिन्याने वर चढवायचे. काच रोज पुसायची, कारण समुद्राच्या हवेत मिठाचा थर बसतो आणि मिठाचा थर म्हणजे तितका उजेड कमी. भिंग फिरवायला लंबकाच्या घड्याळासारखी चावीची यंत्रणा असे. साखळीला टांगलेलं वजन हळूहळू खाली उतरे आणि त्याच्या ओढीने भिंग फिरे. वजन तळाला टेकण्याआधी ते पुन्हा वर गुंडाळायचं. रात्रीतून किती वेळा, ते मनोऱ्याच्या उंचीवर ठरे. जड भिंग हलकं फिरावं म्हणून पुढच्या काळात ते पाऱ्याच्या हौदात तरंगत ठेवू लागले. कित्येक क्विंटलची काच मग बोटाच्या धक्क्याने हलत असे.

यात एक गोष्ट चुकून चालत नसे, ती म्हणजे लय. दहा सेकंदांऐवजी पंधरा सेकंदांनी दिवा आला तर समोरचा खलाशी त्याला दुसरंच दीपगृह समजेल आणि चुकीच्या बाजूला सुकाणू वळवील. न लागलेल्या दिव्यापेक्षा चुकीचा लागलेला दिवा घातक. पावसाळ्यात बेटाचा किनाऱ्याशी संबंध तुटे, शिधा साठवून ठेवावा लागे, आणि घरून निरोप आला तरी जाता येत नसे. त्या काळात मनोऱ्यावर जागलेल्या माणसांची नावं क्वचितच कुठे कोरलेली सापडतात. पण त्यांच्या जागरणामुळे जी जहाजं फुटली नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत नाही, आणि तो कधी लावताही येणार नाही.

आता विजेचे आणि एलईडीचे दिवे आले आहेत, सौर पट्ट्या आहेत, जहाजांवर उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं आहेत. तरी बत्त्या विझवलेल्या नाहीत. यंत्र बंद पडतं, संदेश अडवले जातात. डोळ्यांना दिसणारा दिवा लबाडी करत नाही. १९२७ च्या जुन्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला, तोही या दिव्यांना सांभाळण्यासाठीच. २१ सप्टेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय दीपगृह दिवस मानला जातो.

दिव्याची मर्यादा

दीपगृहाचं गुणगान करताना एक दुःखाची गोष्ट विसरून चालणार नाही. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. त्या सकाळी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट वादळी पावसात काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. आषाढ अमावास्येचे दिवस होते. घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचा तो सण, दिव्याची अवस. सणासाठी गावी निघालेल्या कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत.

हा खडक आणि खांदेरी एकाच पाण्यात, एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण ती सकाळ होती, पाऊस डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा होता, आणि बोटीला लाटेने एका बाजूला कलवलं होतं. अशा वेळी कोणताही दिवा माणसाला वाचवू शकत नाही. दिव्याबरोबर हवामानाची सूचना हवी, बोटीत माणसं भरण्याला मर्यादा हवी, प्रत्येकाच्या अंगावर तरंगणारं जाकीट हवं. आज कोकणात होडीत बसताना कोणी जाकीट घाला म्हणून आग्रह धरला, तर त्यामागे अशा सकाळींचं ओझं आहे हे ध्यानात ठेवावं आणि मुकाट्याने ते घालावं.

बेटावर काय पाहाल

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड, राजगड, प्रतापगडाच्या पंगतीत खांदेरीही आहे. त्यामुळे आता या बेटाकडे पाहणाऱ्यांची नजर बदलेल.

बेटावर जायला थळहून कोळ्यांची होडी ठरवावी लागते. बेट मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे, तेव्हा आधी परवानगीची चौकशी करावी आणि भरती-ओहोटीची वेळ तांडेलालाच विचारावी. पावसाळ्यात हा विचार मनातही आणू नये. पाचोडहून अहिल्यानगर, पुणे, खोपोली करत अलिबाग गाठायला जवळपास सबंध दिवस जातो, त्यामुळे मुक्कामाच्या तयारीने निघावं. पिण्याचं पाणी आणि फराळ सोबत घ्यावा. पिशवीत चार मोसंबी असू द्याव्यात. होडीत मळमळायला लागलं तर मोसंबीची एक फोड कित्येकांना बरी वाटते.

धक्क्यावर उतरलं की तट डोळ्यांत भरतो. बेटाच्या कडेने फिरत गेलेली ही भिंत आणि तिचे बुरूज तीनशेहून अधिक वर्षं लाटा झेलत आहेत. बुरुजांवर तोफा आहेत, आणि त्यांतल्या काही अजून आपल्या चाकाच्या गाड्यांवर बसलेल्या आहेत. समुद्री किल्ल्यावर तोफ गाड्यासकट टिकलेली सहसा पाहायला मिळत नाही, तेव्हा इथे थोडं थांबावं. चाकाकडे बघितलं की तोफ मागे ढकलून, भरून, पुन्हा पुढे आणण्याची सगळी घाई डोळ्यांसमोर उभी राहते.

वेताळाचं देऊळ हे थळच्या कोळ्यांच्या श्रद्धेचं ठिकाण. आत घडवलेली मूर्ती नाही. पांढऱ्या रंगाने रंगवलेली प्रचंड शिळा हाच देव. दर्यावर जाणारा माणूस आधी त्याला हात जोडतो. बेटावर आणखी एक शिळा आहे. तिच्यावर दगड आपटला की धातूच्या भांड्यासारखा टणत्कार होतो. मुलं तिथून हलायला तयार होत नाहीत. आणि सगळ्यांच्या वर, टेकडीच्या माथ्यावर, अष्टकोनी मनोरा. तिथून पूर्वेला थळचा किनारा आणि मधलं उंदेरी दिसतं, पश्चिमेला मोकळा अरबी समुद्र. उत्तरेकडे मुंबईच्या दिशेने जहाजांची ये-जा चाललेली असते. मायनाक भंडारींनी आणि कान्होजींनी हाच देखावा पाहिला. दिवा लावणारांनीही हाच पाहिला.

परत आल्यावर अलिबागमध्ये कान्होजी आंग्रे यांची समाधी पाहावी. ओहोटीची वेळ साधली तर कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं. १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेणारी वेधशाळा याच गावात आहे. होकायंत्राच्या सुईवर भिस्त ठेवणाऱ्या दर्याच्या गावाला ती शोभून दिसते.

आणखी काही बत्त्या

ज्यांना होडीची भीती वाटते त्यांनी रेवदंड्याजवळचं कोर्लई गाठावं. कुंडलिकेच्या मुखावरच्या पोर्तुगीज किल्ल्याच्या वाटेवर दीपगृह आहे आणि ते ठरावीक वेळेत पाहू देतात. कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या संगमातून तयार झालेली बोली अजून बोलली जाते. दिव्याइतकीच तीही ऐकण्यासारखी आहे. रत्नागिरीला रत्नदुर्गावर, देवगडला किल्ल्यातच दीपगृह आहे. देवगडचं १९१५ चं. निवतीसमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ले रॉक्स या खडकांवर बत्ती आहे आणि तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. गोव्यात आग्वाद किल्ल्यात १८६४ चा जुना मनोरा उभा आहे. १९७६ मध्ये त्याचं काम नव्या दीपगृहाकडे गेलं. २०२३ मध्ये देशातला पहिला दीपगृह महोत्सव याच किल्ल्यात भरला. पुढच्या वर्षी देशभरातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटकांसाठी सोयी झाल्या.

पण या सगळ्यांत एक गोष्ट पैसे न देता, परवानगी न काढता करता येते. संध्याकाळी थळच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर वाळूत बसा. होड्या परतायला लागतील. खांदेरीची टेकडी हळूहळू काळी पडेल, मग तटाची रेघ पुसली जाईल, मग बेटच दिसेनासं होईल. तेवढ्यात तिथे उजेडाचा एक ठिपका येईल आणि जाईल. मनगटावरच्या घड्याळात बघा. आला. किती सेकंदांनी पुन्हा आला? लागोपाठ किती वेळा? पुन्हा मोजा. मुलांनाही मोजायला लावा, आकडा जुळतोय का पाहा. बाहेरच्या अंधारात त्याच क्षणी कोणीतरी अनोळखी तांडेल हेच करत असेल. त्याचं बेट आणि तुमचं बेट एकच, त्याचे सेकंद आणि तुमचे सेकंद एकच. पाचोडच्या काळ्या मातीतून आलेल्या माणसालाही त्या रात्री कळलेलं असेल की आपण नेमके कुठे बसलो आहोत.